पुण्यात परागकणांची रोजची मोजणी सुरू व्हावी: सार्वजनिक आरोग्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय: पुणे शहरातील हवेतील परागकणांची नियमित मोजणी करून ती नागरिकांना कळवण्याबाबत.

महोदय,

पुण्यात पाऊस ओसरला की सप्टेंबर-ऑक्टोबरात, आणि पुन्हा थंडी सरता सरता, शिंका, चोंदलेले नाक, चुरचुरणारे डोळे आणि दम्याचा त्रास सुरू होतो. घरोघरी ‘हवा बदलली’ एवढ्यावर विषय संपतो. हवेत त्रासदायक परागकण नेमके किती वाढले, हे पावसाच्या अंदाजासारखे रोज सांगणारी सरकारी व्यवस्था मात्र शहरात नाही. ती उभी करावी, एवढ्या एकाच मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे.

वेताळ टेकडी, तळजाई, पर्वती, हनुमान टेकडी ही या शहराची मोकळी मैदानेच आहेत. मी टेकडीवर शाळकरी मुलांचा धावण्याचा सराव घेतो. ऑक्टोबरात पायवाटेच्या दोन्ही बाजूंचे गवत मुलांच्या कमरेपर्यंत आलेले असते आणि तुरे हलले की कपड्यांवर पिवळसर भुकटी बसते. त्या दिवसांत एरवी सगळ्यांच्या पुढे असणारी एक मुलगी चढण संपताच गुडघ्यांवर हात टेकून उभी राहते आणि तिच्या श्वासातून शिट्टीसारखा आवाज येऊ लागतो. ‘सर, उद्या पाठवू की नको?’ असे तिची आई विचारते, तेव्हा तिला आधार घेता येईल असा एकही आकडा माझ्यापाशी नसतो.

हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक आहेच, मग वेगळी मोजणी कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु त्या निर्देशांकात सूक्ष्म धूलिकण, ओझोन, नायट्रोजन डायऑक्साइड यांसारख्या आठ प्रदूषकांचा विचार होतो. परागकण त्यात नाहीत. बहुतेक परागकणांचा आकार १० ते १०० मायक्रॉनच्या दरम्यान असतो, तर निर्देशांकातील धूलिकण १० मायक्रॉन किंवा त्याहून लहान असतात. म्हणूनच फलकावर हवा ‘चांगली’ दिसत असतानाही एखाद्या मुलाला इन्हेलर लागू शकतो, आणि पालकांना त्याचे कारण कळत नाही.

कारण न कळल्याने दोष भलत्याच झाडांवर जातो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सातवीण फुलते, तिचा वास उग्र असतो आणि काहींना तो सोसतही नाही, म्हणून सगळी सर्दी तिच्या माथी मारली जाते. खरे तर ठळक रंगाच्या किंवा वासाच्या फुलांचे पराग बहुतांशी कीटक वाहून नेतात. हवेतून दूरवर पसरतात ते प्रामुख्याने न दिसणाऱ्या फुलांचे पराग: गवतांचे, आणि थंडीच्या अखेरीस निष्पर्ण फांद्यांवर बारीक हिरवट फुलोरा धरणाऱ्या वावळाचे. शिवाय गाजर गवत आहेच. त्याची भारतातील शास्त्रीय नोंद १९५६ मध्ये पुण्यातूनच झाली आणि आज मोकळा प्लॉट, रुळांची कड, बांधकामाची जागा असे काहीही त्याने सोडलेले नाही.

मोजणीचे तंत्र जुने आणि पारखलेले आहे. १९५२ पासून वापरात असलेल्या पद्धतीचे यंत्र मिनिटाला सुमारे १० लिटर हवा एका अरुंद फटीतून ओढते. आत घड्याळासारखा फिरणारा छोटा दंडगोल असतो आणि त्याच्यावरची चिकट पट्टी ताशी २ मिलिमीटर पुढे सरकते. पट्टी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरली की कोणत्या वनस्पतीचे किती कण, कोणत्या तासाला हवेत होते, हे वाचता येते. यंत्रापेक्षा पराग ओळखणारे प्रशिक्षित डोळे मिळणे अवघड असते, आणि नेमक्या त्याच बाबतीत पुणे संपन्न आहे. भारतीय वनस्पति सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र, आघारकर संशोधन संस्था आणि विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग येथे आहेत. शिवाजीनगरची वेधशाळा येथे आहे. हवेच्या गुणवत्तेचा अंदाज देणारी ‘सफर’ ही यंत्रणा तर पाषाणच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतच घडली. या सर्वांना एका टेबलाभोवती बसवणारे कोणी नाही, आणि ते काम आपल्या खात्याने करावे अशी माझी विनंती आहे.

कोणत्या महिन्यात कोणते पराग हवेत असतात हे सांगणारे चंडीगडचे परागकण कॅलेंडर तेथील पीजीआयएमईआर या वैद्यकीय संस्थेने पंजाब विद्यापीठाच्या सहकार्याने तयार केले आहे. तसे कॅलेंडर पुण्याचे झाले, तर डॉक्टरांना रुग्णाची प्रतिबंधक औषधे हंगामाच्या आधीच सुरू करता येतील. नाकातील फवाऱ्यासारखी औषधे त्रास उसळण्यापूर्वी घेतली तर अधिक उपयोगी पडतात. कॅलेंडर सरासरी सांगते, रोजचा दिवस नाही, म्हणून त्याच्या जोडीला दैनंदिन आकडा हवाच. मेलबर्नमध्ये २१ नोव्हेंबर २०१६ रोजी गवताच्या परागांच्या ऐन हंगामात वादळ आले, हजारो लोकांना अचानक श्वसनाचा त्रास झाला आणि १० जणांचा मृत्यू झाला. त्यानंतरच्याच वर्षी तेथील सरकारने अशा वादळी दम्याचा पूर्वअंदाज सुरू केला. पुण्यात तसेच घडेल असे मी म्हणत नाही. परंतु आपल्याकडे असा धोका आहे की नाही, हे नोंदींशिवाय कोणालाच सांगता येणार नाही.

एक गोष्ट निक्षून सांगतो: या आकड्यांचा आधार घेऊन एकही वावळ तोडला जाऊ नये. काढायचे आहे ते गाजर गवत, आणि तेही वेळेवर. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात ते फुलते. फुलल्यानंतर ते उपटले तर पराग आणि बी दोन्ही उडवण्याचेच काम होते. ते उपटणाऱ्या कामगारांना हातमोजे आणि मुखपट्टी मिळालीच पाहिजे, कारण त्याच्या नुसत्या स्पर्शानेही अनेकांच्या त्वचेवर खाज आणि चट्टे उठतात.

पहिल्या टप्प्यात शहराच्या मध्यवस्तीत एक आणि टेकडीलगत एक अशी दोन यंत्रे पुरेशी आहेत. गवत, गाजर गवत आणि वृक्ष यांचे आकडे वेगवेगळे, मराठीत, टेकड्यांच्या प्रवेशद्वारांवर, शाळांना आणि आकाशवाणीच्या सकाळच्या बातम्यांना मिळावेत. येत्या पावसाळ्याच्या अखेरीस गवत फुलण्यापूर्वी ही यंत्रे बसावीत, यासाठी संबंधित संस्थांची बैठक आपण लवकर बोलवावी. बैठकीत क्रीडाशिक्षकांचा आणि दम्याच्या रुग्णांचा प्रतिनिधी असावा, हेही नमूद करतो.

आपला नम्र,
पुण्यातील एक क्रीडा प्रशिक्षक