आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : त्या कागदावर बाईची सही कधी घेणार?

माननीय आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

स. न. वि. वि.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं. त्यानंतर तिथल्या खासगी दवाखान्यांना अट घातली गेली की, पिशवीच्या ऑपरेशनआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायची. ही अट का आली, हे मला कळतं. विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे जी पाहणी आली, तिच्यात ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. म्हणजे सहातली एक. देशभरात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभर बायकांमागे हे प्रमाण साधारण तीन आहे.

पण साहेब, आधी मुकादमाच्या, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराच्या हिशेबाने ठरलं, मग डॉक्टरने ठरवलं आणि आता शल्यचिकित्सक ठरवणार. बाईला विचारायचं कुणी?

मुकादमाचा हिशेब तुम्हाला ठाऊक असेलच. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यावर, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीवर दिलेली असते आणि पाळीमुळे का होईना, एक दिवस खाडा झाला की पैसे कापले जातात. फडाशेजारी पाल, न्हाणी नाही, संडास नाही. अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं. ती दवाखान्यात जाते, सोनोग्राफी होते आणि ‘पिशवीला सूज आहे, ठेवली तर कॅन्सर होईल’ हे ऐकून बाहेर येते. सूज बऱ्याचदा औषधगोळ्यांनी बरी होते, हे तिला कुणी सांगत नाही. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली तर तिशी-पस्तिशीतच पाळी जाण्याचे सगळे त्रास सुरू होतात आणि हाडं ठिसूळ व्हायला लागतात, हेही नाही. नंतर तीच बाई मोळ्या उचलताना कंबर धरून बसते आणि पुन्हा त्याच दवाखान्यात येते. एवढं सगळं सांगून झाल्यावर ती ‘काढा’ म्हणाली, तर तो तिचा निर्णय. मग ना माझी हरकत, ना शल्यचिकित्सकांची असावी.

मी निवृत्त परिचारिका आहे. संमतीपत्राचा कागद आमच्याच हातून फिरतो, म्हणून सांगते. पेशंटला गाऊन घातला, सलाईन लावलं की कागद पुढे येतो. मजकूर बहुधा इंग्रजी, मोकळ्या जागा नंतर भरायच्या. पेशंटचा अंगठा घाईत उमटतो. खरी वाट पाहिली जाते ती नवऱ्याच्या सहीची. पुरुषाच्या हर्नियाला बायकोची सही नाही म्हणून त्याला घरी पाठवलेलं मी तरी पाहिलं नाही.

कायदा काय म्हणतो? गर्भपाताच्या १९७१ च्या कायद्यात सज्ञान, शहाण्या बाईची एकटीची संमती पुरते. कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनलाही जोडीदाराची संमती लागत नाही, असं केंद्राच्याच मार्गदर्शक सूचना सांगतात. तरी काउंटरवर ‘नवऱ्याला घेऊन या’ हे ऐकून बाई परत जाते आणि पुन्हा येते तेव्हा दिवस बरेच पुढे गेलेले असतात.

सर्वोच्च न्यायालयाने तर १६ जानेवारी २००८ रोजीच हा प्रश्न निकाली काढला आहे. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यातली बाई ४४ वर्षांची, अविवाहित. दुर्बिणीने फक्त तपासणी करायची म्हणून भूल दिली होती. ती बेशुद्ध असताना बाहेर बसलेल्या आईची सही घेतली आणि गर्भपिशवी, अंडाशयं काढून टाकली. डॉक्टरांच्या मते ते तिच्या भल्याचंच होतं. न्यायालयाने म्हटलं, जिवावर बेतलेलं नसेल तर भल्याचं असणं पुरेसं नाही. सज्ञान पेशंट शुद्धीवर येऊन स्वतः हो म्हणेपर्यंत थांबायला हवं होतं. भरपाई अवघी २५,००० रुपये मिळाली, पण नियम स्पष्ट झाला. तो तालुक्याच्या नर्सिंग होमपर्यंत अजून पोचलेला नाही.

डॉक्टरांची बाजू मला परकी नाही. ओपीडीत रांग लागलेली असते आणि काही बिनसलं तर काचा फोडायला नातेवाईकच येतात. म्हणून सही नातेवाइकाची हवी असते. शिवाय कितीतरी बायका खरोखरच म्हणतात, ‘तुम्हाला योग्य वाटेल ते करा.’ म्हणू देत की! सगळं ऐकून मग डॉक्टरवर सोपवणं हीही तिची मर्जीच. न सांगता सोपवून घेणं मात्र वेगळं.

तेव्हा मागणी अशी. पिशवीचं ऑपरेशन तातडीचं नसेल तर मराठीतलं संमतीपत्र आदल्या दिवशीच बाईच्या हाती द्यावं, त्यात दुसरे उपचार कोणते आणि अंडाशयं काढणार की ठेवणार हे लिहिलेलं असावं, वाचता येत नसेल तिला सिस्टरने नवऱ्याला बाहेर बसवून वाचून दाखवावं आणि एक प्रत तिच्याकडेच राहावी. नवऱ्याच्या सहीचा रकाना जिथे कायद्याला नको आहे तिथे तो छापूच नये. २०२१ च्या सुधारित नियमांनी नर्सिंग होममध्ये रुग्णहक्कांची सनद लावायला सांगितली आहे. ती भिंतीवर आहे का, एवढंच बघू नका. नोंदणीचं नूतनीकरण करताना चार केसपेपर काढून संमतीपत्रं तपासा.

आणि बीडमध्ये परवानगीच्या जागी दुसरं मत द्या. जिल्हा रुग्णालयातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी तपासून बाईला फुकट सल्ला द्यावा, त्याचा कागद शल्यचिकित्सकांच्या फायलीत न जाता तिच्या हातात पडावा. शेवटचा शब्द तिचा.

दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि पिशव्या काढून घेण्याची घाई त्याच्या आधीच्या महिन्यांत असते. परिपत्रक काढणारच असाल, तर ते त्याआधी निघावं.

आपली,
एक निवृत्त परिचारिका