साहेब, आमच्या पोराला अंघोळ शिकवायला आम्हाला कोण शिकवणार?

मा. दिव्यांग कल्याण मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

साहेब, नमस्कार. मी कराड तालुक्यातली एक आई. माझा मुलगा १५ वर्षांचा आहे, ऑटिझम (स्वमग्नता) आहे, बोलत नाही आणि घरात पाच मिनिटंसुद्धा एकटा सोडता येत नाही. अशा मुलांसाठी २०२१ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या कमिशनने ‘प्रोफाउंड ऑटिझम’ हा वेगळा शब्द सुचवला, म्हणजे ज्यांच्याजवळ चोवीस तास मोठं माणूस लागतंच अशी मुलं. ऑटिझम म्हटलं की लोकांना गणितात हुशार पोरगा आठवतो, आमची पोरं त्या चित्रात कुठंच नसतात, म्हणून हे आधी सांगितलं.

पोरगा आता माझ्यापेक्षा उंच झालाय, मिसरूड फुटलंय आणि दोन वर्षांपूर्वीपर्यंत त्याला अंघोळ मीच घालत होते. वयात आलेल्या मुलाला आईने अंघोळ घालायची म्हणजे काय ते इथे उघड लिहिणार नाही, तुम्ही समजून घ्या, त्यालाही ते नको असायचं, तोंड फिरवून उभा राहायचा. मग ओळखीतनं एक ताई आल्या, स्पेशल एज्युकेटर, म्हणजे अशा मुलांना शिकवणाऱ्या विशेष शिक्षिका. त्यांनी सेंटरवर बोलावलं नाही, सरळ आमच्या बाथरूमच्या दाराशी उभ्या राहिल्या आणि अर्धा तास नुसतं बघितलं. म्हणाल्या, अहो याला अंघोळ येते, थांबायचं कधी ते कळत नाही. खरंच होतं ते! तो मगावर मग ओतत बसायचा, मी बास बास म्हणून ओरडायचे, तो हात चावून घ्यायचा. ताईंनी मोठी बादली काढून छोटी ठेवायला लावली, साबण लागला की ती भरायची, नळ बंद, बादली रिकामी झाली की अंघोळ झाली. माझ्या ओरडण्याने जे वर्षानुवर्षं कळलं नाही ते रिकाम्या बादलीने आठवड्यात कळलं.

कपड्यांचंही तसंच. शेवटची पायरी आधी शिकवायची, म्हणजे टी-शर्टात डोकं आणि दोन्ही हात मी घालायचे, पोटावर खाली ओढायचं तेवढं त्याने, ते जमलं की एक हात त्याने, मग दोन्ही. काम दरवेळी त्याच्या हातून पूर्ण होतं म्हणून चिडत नाही. चार महिने लागले. आणि सगळ्यात अवघड शिक्षण माझंच होतं, तो अडला की मनात दहा आकडे मोजायचे, तोपर्यंत हात पुढे करायचा नाही. सकाळी रिक्षा दारात हॉर्न देत असताना दहा मोजून बघा साहेब, जीव वरखाली होतो, पण मी पटकन करून देत होते म्हणूनच तो शिकत नव्हता हे मला कुणी आधी सांगितलंच नव्हतं.

त्या ताई पाचच वेळा आल्या, पुढे त्यांची बदली झाली, आता कुणी नाही.

योजना बघायला गेलं तर केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची लहान मुलांना लवकर मदत देणारी ‘दिशा’ योजना १० वर्षांपर्यंतच. जागतिक आरोग्य संघटनेने पालकांसाठी ट्रेनिंग बनवलंय ते २ ते ९ वर्षांच्या मुलांच्या घरांसाठी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मोफत शिक्षण १८ पर्यंत. म्हणजे दाढी येते, पाळी येते, अंगात ताकद येते आणि आईबापाची कमी होत जाते, नेमकं तेव्हाच आम्हाला शिकवणारं माणूस नाही. त्याच ट्रस्टची ‘विकास’ ही डे-केअरची योजना १० च्या पुढच्यांसाठी आहे, चांगलीच आहे, पण सेंटरमध्ये शिकलेलं घरी येत नाही, आमच्या पोरांना नळ बदलला तरी सगळं नवीन असतं.

मुलींच्या आया तर जास्तच घाबरलेल्या आहेत. १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय गृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं काढली गेली, त्यांना पाळीची स्वच्छता जमत नाही हे कारण देऊन, आपल्याच राज्यात. पॅड बदलणंसुद्धा पायऱ्या पाडून, फोटो लावून, पाळी यायच्या आधीपासून सराव करून शिकवता येतं, सगळ्याच मुलींना पूर्ण जमेल असं नाही, पण आधी कुणी आईला शिकवायला तरी पाहिजे ना.

म्हणून मागणी एकच आहे. प्रत्येक तालुक्यात असं एक माणूस द्या जे १० वर्षांपुढच्या मुलांच्या घरी येईल, आमच्या मोरीत, आमच्या स्वयंपाकघरात उभं राहून बघेल आणि आईला, बापाला, आजीला शिकवेल, महिन्यातनं दोनदा, निदान वर्षभर. नवीन इमारत नको. ‘समग्र शिक्षा’ या सरकारच्या शालेय योजनेखाली विशेष शिक्षक आहेत, घरी जाऊन शिकवायची तरतूद आहे, त्यांनाच हे ट्रेनिंग द्या आणि वहीतल्या अ-आ-ई ऐवजी अंघोळ, संडास, दाढी, ताट वाढून घेणं हाच अभ्यासक्रम धरा. मुलगा १८ चा झाला म्हणून हे बंद करू नका. आणि त्याच २०१६ च्या कायद्याच्या कलम २४ मध्ये जास्त आधार लागणाऱ्यांसाठी केअरगिव्हर भत्ता, म्हणजे सांभाळणाऱ्या माणसासाठीचे पैसे, लिहिलाय, आमच्या घरात तो अजून आलेला नाही, त्याचंही बघा, कारण दहा आकडे मोजत उभं राहायला घरात एक माणूस बिनकामाचं राहावं लागतं आणि आमच्याकडे ते परवडत नाही.

तुम्ही कराडला आलात तर सकाळी साडेसातला घरी या. टी-शर्ट तो आता स्वतः घालतो. बटणाचा शर्ट राहिलाय, तो कसा शिकवायचा ते मला माहीत नाही.

आपली,
एक आई, कराड