बोधचिन्ह बदलले, शिवणीचे काय?

महोदय,

सिअ‍ॅटल शहरात १९२० साली सुरू झालेल्या ‘एडी बाउअर’ या कपड्यांच्या अमेरिकी नाममुद्रेने २०२३ मध्ये आपले वळणदार हस्ताक्षरातील बोधचिन्ह बाजूला ठेवून सुट्या, ठळक अक्षरांचे नवे चिन्ह स्वीकारले, तेव्हा अक्षरांच्या वळणावर पुष्कळ चर्चा झाली. कपड्यांवर मात्र फारशी नाही. वास्तविक या नावाला पत मिळाली ती १९४० मध्ये पेटंट मिळालेल्या, पिसे भरलेल्या जाकिटामुळे आणि १९६३ च्या अमेरिकी एव्हरेस्ट मोहिमेला पुरवलेल्या उबदार कपड्यांमुळे.

सह्याद्रीत भर पावसात गड चढणाऱ्यांना चिन्ह आणि कपडा यांतला हा फरक चांगलाच ठाऊक आहे. जाकिटाचे कापड किती मिलिमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब सोसते, शिवणींवर आतून पट्टी चिकटवली आहे की नाही आणि पाठपिशवीचे पट्टे घासतात त्या खांद्यावर कापड दुहेरी आहे का, यावरच माणूस कोरडा राहतो. यांतले पहिले निदान काही चिठ्ठ्यांवर छापलेले असते. शिवणींबद्दल विचारले तर दुकानदार बहुधा छातीवरच्या चिन्हाकडे बोट दाखवतो! चिन्ह बदलण्याचा कंपनीचा हक्क मान्यच आहे, पण त्याच सुमारास कापड किंवा हमीची मुदत बदलली असेल, तर तेही ग्राहकाला तितक्याच ठळकपणे कळले पाहिजे.

आपल्या दैनिकाच्या पर्यटन पुरवणीत पावसाळी जाकिटांची ओळख करून देताना किमतीशेजारी हे तपशीलही छापावेत, ही विनंती.

– एक गिरिप्रेमी वाचक, पुणे