वसईची वही

पक्या,

सहा महिने झाले, तुझे तीन मेसेज वाचून गप्प बसलोय. शिव्या नंतर दे. तब्येत ठीक, शुगर जरा वर, आईचा गुडघा तसाच.

परवा रात्री 'ॲना अँड द अपोकॅलिप्स' बघितला. स्कॉटलंडचा पिक्चर, ख्रिसमस, झोंबी आणि वर गाणी! म्हणजे आपण दोघांनी झोंबींची स्टोरी लिहिलेली ती वसईची वहीच की रे (तुझ्या आईला झोंबी म्हणजे आनंद यादवांचं ते मळ्यातलं आत्मचरित्र वाटलेलं, पोरं अभ्यास करतायत म्हणून चहा पण आणलेला). ती पोरगी कानात हेडफोन घालून गात नाचत शाळेला निघते, मागे अख्खं गाव एकमेकांना खातंय, हिला पत्ताच नाही. मग स्नोमॅनच्या ड्रेसमधला एक झोंबी अंगावर येतो आणि ती चक्क सीसॉने त्याचं मुंडकं उडवते. मी सवयीने तुला कोपर मारायला गेलो, उशीला लागलं.

मग नेटवर वाचत बसलो. मूळ आयडिया रायन मॅकहेन्रीची, त्याने २०१० ला 'झोंबी म्युझिकल' नावाची शॉर्टफिल्म केलेली. तोच रे, हिरो रायन गॉसलिंग नाश्त्याचं सीरिअल खात नाही ते व्हिडिओ बनवणारा! २०१५ मध्ये हाडांच्या कॅन्सरने गेला, २७ वर्षांचा. पिक्चर नंतर जॉन मॅकफेलने केला, पण लेखकांत रायनचं नाव आहे.

तिथेच माझी झोप उडाली. कारण गेल्या महिन्यात मी एका प्रॉडक्शनवाल्याला आपली स्टोरी ऐकवली. त्याने विचारलं कुणाची, आणि माझ्या तोंडून निघालं 'माझी'. 'आमची' म्हणायला काय जात होतं? घाई होती, एसी होता, घाम फुटलेला, कारणं भरपूर आहेत, एकही खरं नाही. कॅरल, म्हणजे ख्रिसमसची गाणी, म्हणत दारात येणारे झोंबी तुझे, मी फक्त चर्चची घंटा घातली. त्याला नेमके कॅरलवालेच आवडले. आता सोमवारी परत बोलावलंय.

आणि हो, त्याला पण 'ग्रेमलिन्स' ख्रिसमसचाच पिक्चर वाटतो. तू तेव्हा म्हणालेलास, जून १९८४ ला रिलीज झालेला पिक्चर ख्रिसमसचा कसा, आणि त्यावरून आपण विरारपर्यंत बोललो नव्हतो. अजूनही तूच चुकतोयस. अख्खा बर्फ, झाड, गिफ्टमधून आलेला तो केसाळ प्राणी मोगवाय, अजून काय पाहिजे लेका? 'रेअर एक्सपोर्ट्स' पिक्चरबद्दल मात्र तुझं बरोबर होतं, बर्फात गाडलेला सांताच खरा डेंजर.

सोमवारी मी तुझं नाव सांगणार, आधी तुझं. तो म्हणाला दोघं नकोत, तर वही उचलून घरी येणार. असं आत्ता लिहितोय, तिथे जीभ अडली तर? म्हणून त्याआधी फोन कर.

नवा फ्लॅट, पोरगी, सगळ्याचं अभिनंदन, वहिनींना नमस्कार सांग. वही माझ्याकडेच आहे, चहाच्या डागासकट.

तुझा,
बंड्या