उभ्या मुलासाठी शिवलेला सूट, बसलेल्या मुलाच्या अंगावर

प्रति,
ग्राहक सेवा व उत्पादन सुरक्षा विभाग

विषय : लहान मुलांच्या एकसंध हिवाळी सूटमधले दोष, माहितीपुस्तिकेतला धोकादायक सल्ला आणि रक्कम परत मिळण्याबाबत

महोदय / महोदया,

आपला बर्फात घालायचा एकसंध सूट (माप ९२ सेंटिमीटर) आम्ही पूर्ण परताव्यासाठी पाठवत आहोत. पावती, छायाचित्रं आणि घरी घेतलेली मापं सोबत जोडली आहेत. पण पैशांच्या आधी एक तातडीची गोष्ट आहे. पुस्तिकेतली कारसीटबद्दलची, म्हणजे गाडीत लहान मुलांसाठी लावतात त्या पट्ट्यांच्या सुरक्षा-आसनाबद्दलची, सूचना आजच्या आज मागे घ्या.

त्या सूचनेत म्हटलंय की मुलाला सूटसकट कारसीटमध्ये बसवावं आणि पट्टे सूटच्या जाडीप्रमाणे सैल करून घ्यावेत. नेमकं हेच करायचं नसतं. सूटच्या भरणात बहुतेक हवाच असते, ऊबही त्या हवेमुळेच मिळते. गाडीला जोराचा धक्का बसला की ती हवा एका क्षणात बाहेर पडते, भरण चपटं होतं आणि वरून घट्ट वाटणारा पट्टा मुलाच्या अंगापासून सुटा पडतो. तेवढ्या मोकळ्या जागेत मूल पुढे फेकलं जातं, पट्ट्यातून निसटूही शकतं.

हे पडताळायला प्रयोगशाळा लागत नाही. मुलाला सूट घालून सीटमध्ये बसवा. खांद्यापाशी पट्ट्याचं कापड अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरता येणार नाही इतके पट्टे ओढून घ्या. आता पट्ट्यांची लांबी मुळीच न बदलता फक्त बक्कल उघडा, मुलाला बाहेर काढा, सूट उतरवा, परत बसवा आणि बक्कल लावा. आपल्या सूटच्या बाबतीत पट्टा आणि छाती यांच्यामध्ये मोठ्या माणसाचा तळहात सहज आत गेला. पट्टे पुन्हा अंगासरशी करायला सीटच्या पुढची, पट्टे आवळायची ओढपट्टी आणखी ७ सेंटिमीटर ओढावी लागली. ही तपासणी आपल्याकडे सूट विक्रीला येण्याआधी कुणी केली होती का, याचं उत्तर आम्हाला हवं आहे.

पुस्तिकेत असायला हवं ते असं : गाडीत मुलाच्या अंगावर अंगाबरोबर बसणारे पातळ थर, फार तर त्यावर एक पातळ फ्लीस, म्हणजे मऊ लवदार कृत्रिम कापडाचा थर. पट्टे त्यावर घट्ट. मग पट्ट्यांच्या वरून पांघरूण, किंवा जाड कोट उलटा, म्हणजे पाठ पुढे करून हात बाह्यांत घातलेला. गाडी आतून गरम झाली की तो वरच्या वर काढून घेता येतो, मूल घामाघूम होत नाही. पट्ट्याखाली किंवा पाठीमागे, सीटसोबत न आलेली कुठलीही गादी नको. बाहेर कडाक्याची थंडी असताना, रडणाऱ्या मुलाचा सूट काढून त्याला सीटमध्ये बसवणं पालकांच्या जिवावर येतं. म्हणूनच ते छापील सोप्या ओळीवर विश्वास टाकतात, आणि म्हणूनच ती ओळ चुकीची असणं इतकं गंभीर आहे.

आता सूटकडे वळतो. त्याचे बाकीचे दोष एकेक करून पाहिले तर मूळ एकच सापडतं : हा सूट उभ्या मुलासाठी बेतलेला आहे. दोन वर्षांचं मूल बर्फात उभं असं किती वेळ राहतं? ते फतकल मारून बसतं, गुडघे टेकतं, रांगतं, धपकन आपटतं, बर्फावर ओढायच्या घसरगाडीत बसतं, दमलं की बाबागाडीत बसतं. उभ्या पुतळ्यावर छान दिसणारा सूट या सगळ्यात कसा वागतो, हेच त्याचं खरं माप आहे.

पाण्यापासून सुरुवात करू. लेबलवर जलरोधक क्षमता २,००० मिलिमीटर दिली आहे. याचा अर्थ कापडावर २ मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब आला तरी पाणी आत झिरपत नाही. पावसाच्या सरीला हे चालून जातं. पण दर चौरस सेंटिमीटरला १ किलो भार म्हणजे साधारण १० मीटर पाण्याचा दाब, हा हिशोब धरून पाहा. १२ किलोचं मूल दोन्ही गुडघ्यांवर आलं आणि ओल्या बर्फाला टेकलेली जागा मिळून ४० चौरस सेंटिमीटर धरली, तर चौरस सेंटिमीटरला ०.३ किलो, म्हणजे ३,००० मिलिमीटर. लेबलवरच्या आकड्याच्या दीडपट! गुडघे ओले होणारच. तेच मूल पसरून बसलं आणि जागा २०० चौरस सेंटिमीटर धरली, तर दाब फक्त ६०० मिलिमीटर भरतो. म्हणजे बसताना कापडाने टिकायला हवं, आणि ते टिकतंही. तरी प्रत्येक वेळी बूड ओलं का निघतं?

कारण शिवण. सूट उलटा करून पाहिला तर खांद्याच्या आणि बाह्यांच्या शिवणींवर आतून जलरोधक पट्टी चिकटवलेली आहे, पण दोन पायांच्या मधून मागे कमरेपर्यंत जाणारी शिवण उघडीच आहे. ती २५ सेंटिमीटर लांब आहे आणि सेंटिमीटरला चार टाके आहेत. सुईची शंभर भोकं, आणि तीही मूल ज्यावर बसतं नेमकी तिथेच. सूट उलटा करून बुडाचा भाग वाडग्यासारखा धरला, त्यात पेलाभर पाणी ओतलं, खाली कोरडा टिश्यू पेपर ठेवला आणि १० मिनिटं थांबलो. टिश्यूवर आधी एका ओळीत बारीक गोल ठिपके उमटले, मग ते एकमेकांत मिसळून एक सलग ओली रेघ झाली. तिचं छायाचित्र जोडलं आहे. ओल केवळ गैरसोयीची नसते : पाण्यातून उष्णता हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने वाहून जाते, आणि लहान मुलाच्या वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचं क्षेत्रफळ मोठ्यांपेक्षा जास्त असल्यामुळे ते मुळातच लवकर गार पडतं. निदान बूड आणि गुडघ्यांना १०,००० मिलिमीटरचं कापड, त्यावर दुसरा थर, आणि सगळ्या शिवणींना आतून पट्टी, इतकं तरी हवंच. पावसात आधी भिजतात ते खांदे, म्हणून पट्टी तिथे लावलेली दिसते. बर्फात पाणी खालून येतं.

पायांचंही तसंच. मूल उभं असताना सूटची मोहरी बुटावर नीट बसते. बसवून मोजलं तर ती ७ सेंटिमीटर वर सरकते आणि बुटाचं तोंड उघडं पडतं. बर्फ आत जातो, वितळतो, मोजे भिजतात, आणि हात-नाक ठीक असतानाही पाय गारठल्यामुळे सहल आटोपती घ्यावी लागते. बुटाच्या तळाखालून जाणारी इलास्टिकची पट्टी आणि आत बुटावर घट्ट बसणारी दुसरी मोहरी, एवढ्यावर काम भागतं. ती पट्टी मात्र बटणाने काढता-लावता येणारी हवी, कारण पट्ट्या झिजतात आणि हंगामाच्या मध्यात बदलाव्या लागतात.

चेनबद्दल. एकच चेन गळ्यापासून डाव्या मांडीपर्यंत येते. डायपर बदलायचा तर उजवा पाय त्यातून सोडवायला आख्खा सूट उतरवावा लागतो, तेही थंडीत. दोन्ही पायांत उतरणाऱ्या दोन चेन लावल्या की हा प्रश्न राहत नाही. शिवाय मूल बसलं की ही जाड चेन पोटाशी वाकते आणि तिचं वरचं टोक थेट हनुवटीत घुसतं. टोकाला कापडाची टोपण नाही, धातूचा सरकणारा तुकडा उघडा राहतो आणि गार धातू कातडीला लागतो. मूल सारखी मान वर करतं ते यामुळे, सूट नको म्हणून नव्हे.

लेबलवरच्या ‘उणे २० अंशांपर्यंत उबदार’ या दाव्याला काय आधार आहे, तेही कळवा. किती वेळ? आत कोणते थर घालून? मूल धावत असताना की बसलेलं असताना? यातलं काहीच लिहिलेलं नाही, आणि याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. सूट ऊब तयार करत नाही, अंगाची ऊब धरून ठेवतो. बाबागाडी ढकलणारा किंवा घसरगाडी ओढणारा मोठा माणूस घामेजतो, त्याच वेळी आत निवांत बसलेलं मूल त्या मानाने फार कमी ऊब निर्माण करत असतं. मोठ्या माणसाने स्वतःवरून अंदाज बांधला की तो चुकतो. पुस्तिकेत त्या आकड्याच्या जागी हे लिहा : दर १५-२० मिनिटांनी दोन बोटं मानेमागे, कॉलरच्या आत घालून पाहा. कोरडं आणि उबदार लागलं तर ठीक. ओलसर लागलं तर एक थर कमी करा, कारण घाम थंड झाला की तोच अंग गार करतो. गार लागलं तर मुलाला खाली उतरवून चालवा किंवा आत न्या. हात आणि नाक गार लागणं ही खूण पुरेशी नाही, ते आधीच गार पडतात. सर्वांत आतला थर सुती नको, लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा हवा. सुती कापड ओल शोषून धरून ठेवतं.

आणि टोपीची नाडी. ती पाहून आम्ही खरोखर हादरलो. गळ्यापाशी ३० सेंटिमीटर लांब नाडी, टोकाला प्लास्टिकचा मणी. घसरगुंडीच्या वरच्या फटीत, कुंपणात, झोपाळ्याच्या कडीत, घसरगाडीच्या दोरीत असा मणी अडकतो, मूल पुढे जातं आणि नाडी गळ्याशी आवळली जाते. ही नवी माहिती नाही. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने १९९६ मध्येच मुलांच्या कपड्यांच्या टोपी आणि गळ्याजवळच्या नाड्यांविरुद्ध मार्गदर्शक सूचना दिल्या. युरोपातलं ईएन १४६८२ हे मानक सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांत टोपी व गळ्याच्या भागात नाडी चालवून घेत नाही. नाडीऐवजी आतून शिवलेलं इलास्टिक वापरा, आणि टोपी टिचबटणांवर लावा, म्हणजे ओढ बसताच ती सुटून येईल. ज्यांच्याकडे हा सूट आहे त्यांनी नाडी आजच पूर्ण ओढून काढून टाकावी, नुसती गाठ मारून आत खोचू नये, असं त्यांना कळवा.

धुण्याच्या सूचनेतही दुरुस्ती करा. ‘कपडे मऊ करणारं द्रावण वापरा’ असं लिहिलंय. त्याचा थर कापडावर बसला की पाणी झटकणारा लेप निकामी होतो आणि वरचं कापड ओलं धरू लागतं. थोडा सौम्य द्रव साबण, दोनदा स्वच्छ पाण्यात खंगाळणं, चेन लावून धुणं, एवढं पुरे.

आमच्या मागण्या : सूटची पूर्ण रक्कम आणि परत पाठवण्याचा खर्च मिळावा. आमच्याकडे हाच सूट बदलून घ्यायची तयारी नाही, कारण बदललेल्या सूटमध्येही शिवण, चेन आणि नाडी तीच असणार. कारसीटबद्दलची सूचना चुकीची असल्याचं आणि नाडी काढून टाकावी हे ज्यांनी सूट घेतला त्या प्रत्येकाला आपण स्वतःहून कळवावं. ऑर्डरच्या नोंदी आपल्याकडे आहेतच. नाडी असलेल्या शिल्लक मालाची विक्री थांबवावी. उणे २० अंशांचा दावा कोणत्या चाचणीवर आधारलेला आहे, तो अहवाल पाठवावा.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावं. तोवर उत्तर न आल्यास हेच पत्र छायाचित्रांसह ग्राहक तक्रार निवारण यंत्रणेकडे देऊ. कारसीट आणि नाडीबद्दलचं मात्र पंधरा दिवस थांबण्यासारखं नाही, हिवाळा सुरू आहे आणि हा सूट घातलेली मुलं आजही गाडीत बसत आहेत.

आपले,
एक पालक दांपत्य

सोबत : खरेदीची पावती, शिवणीच्या तपासणीची चार छायाचित्रं, कारसीटच्या पट्ट्यांची सूटसह व सूटविना घेतलेली मापं, पुस्तिकेतल्या संबंधित पानांच्या प्रती.