पित्ताशय काढायला एक पिशवी हवी : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

सविनय नमस्कार.

मी सरकारी रुग्णालयाच्या ऑपरेशन थिएटरमधून परिसेविका म्हणून निवृत्त झाले. दुर्बिणीने पित्ताशय काढताना ट्रॉलीपाशी कितीदा उभी राहिले, याची मोजदाद नाही. माझं मागणं एका पिशवीचं आहे, सुटं झालेलं पित्ताशय पोटातच जिच्यात घालून बाहेर काढतात त्या पिशवीचं.

पित्ताशय यकृतापासून सुटलं की नातेवाइकांना वाटतं, झालं ऑपरेशन. पण खड्यांनी भरलेली ती थैली अजून दहा मिलिमीटरच्या छिद्रातून, म्हणजे पोर्टमधून, बाहेर ओढायची असते. एका बाईंचं सुजलेलं पित्ताशय पोर्टच्या तोंडाशी येऊन फाटलं. हिरवट पित्त आणि ज्वारीच्या दाण्यांएवढे खडे आतड्यांवर सांडले. सर्जन सलाईन सोडत, सक्शन करत एकेक खडा वेचत राहिले. बाई बऱ्या होऊन घरी गेल्या आणि पंधरा दिवसांनी जखमेत पू घेऊन परत आल्या. पोटात सुटलेला खडा तर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही गळू करू शकतो. आणि त्या पित्ताशयात कर्करोग दडलेला असला, तर फाटलेल्या थैलीतल्या पेशी पोटात आणि पोर्टच्या जखमेत रुजण्याचा धोका असतो. त्या कर्करोगाचं निदान होतं बायोप्सीच्या रिपोर्टात, म्हणजे सगळं होऊन गेल्यावर.

ही पिशवी तयार मिळते, तिला एंडोबॅग म्हणतात; पण ती स्टोअरमध्ये नसायची. नातेवाइकांना चिठ्ठी देऊन बाहेरच्या मेडिकलमध्ये पाठवायचं माझ्या जिवावर यायचं. मग आम्ही निर्जंतुक हातमोजा घ्यायचो. तळव्यावर सिल्कची पक्की गाठ, पाची बोटं कापून मोजून बाजूला, आतून-बाहेरून सलाईनने धुवायचं, गुंडाळी करून पोर्टमधून आत. पित्ताशय त्यात ठेवायचं, तोंड चिमट्यात धरून बाहेर घ्यायचं. ही युक्ती देशभरातले सर्जन वापरतात आणि ती चांगली आहे, हे मी ठामपणे सांगते. अडचण एकच, मोज्यातली पावडर. धुऊनही ती पूर्ण जात नाही, आणि पोटात राहिली तर आतले अवयव एकमेकांना चिकटू शकतात आणि गाठी होऊ शकतात. पावडरवाल्या मोज्यांवर अमेरिकेने जानेवारी २०१७ पासून बंदी घातली. आमच्याकडे मात्र पुष्कळदा तेच यायचे.

न फुटलेलं, साधं पित्ताशय पिशवीविनाही काढता येतं. ते वरच्या पोर्टमधून काढावं की बेंबीतून, यावरही सर्जनांची मतं वेगळी आहेत. बेंबीचं छिद्र ताणलं तर हर्निया होऊ नये म्हणून आतला थर नीट शिवावा लागतो. तो निर्णय त्यांचा. पण सुजलेलं, पू भरलेलं, फुटलेलं किंवा संशयास्पद पित्ताशय पिशवीविना ओढायची वेळ सरकारी रुग्णालयात कुणावर येऊ नये.

१९९० मध्ये डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी दुर्बिणीने पित्ताशय काढण्याची देशातली पहिली शस्त्रक्रिया केली ती मुंबईच्या सरकारी जे. जे. रुग्णालयात. ही विद्या आपल्याकडे गरिबांच्या दवाखान्यातूनच सुरू झाली.

म्हणून विनंती : वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाच्या यादीत एंडोबॅग घाला. ती पोहोचेपर्यंत प्रत्येक थिएटरला पावडरविरहित निर्जंतुक मोजे द्या आणि पिशवी बनवण्याची एकच लेखी पद्धत ठरवा. काढलेलं प्रत्येक पित्ताशय तपासणीला जाईल आणि रिपोर्ट रुग्णाच्या हातात पडेल, असा आदेश काढा. नव्या सिस्टरना मोज्याची पिशवी बांधायला शिकवायची असेल, तर बोलवाल तिथे मी स्वखर्चाने येईन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिसेविका