आधी कौल ठरवा, मग फासा टाका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत टेबलटॉप रोल-प्लेइंग गेमवरचा, म्हणजे एकेक पात्र होऊन फाशांच्या मदतीने गोष्ट घडवण्याच्या खेळावरचा, लेख वाचला. मराठी पानात या छंदाला जागा मिळाली, हे फार बरे झाले. पण लेखाच्या शेवटी म्हटले आहे की गेम मास्टर (गोष्ट पुढे नेणारा आणि निवाडा करणारा) आणि चार-पाच भिडू जमल्याशिवाय हा खेळ होत नाही, आणि एकट्याने खेळायला बसले तर फिर्यादीही आपण, न्यायाधीशही आपण, मग खेळात राम काय उरला? या शंकेला उत्तर आहे आणि ते खेळाच्या रीतीतच आहे. लेखात ती रीत आलेली नाही, म्हणून हे पत्र.

आधी इतिहासाची एक दुरुस्ती. एकट्याने खेळणे हे अलीकडचे खूळ नाही. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' 1974 मध्ये अमेरिकेत आला आणि 1975 च्या वसंतात तो काढणाऱ्या कंपनीच्याच पत्रिकेच्या पहिल्या अंकात खेळाचा एक कर्ता गॅरी गायगॅक्स याने एकट्याने भुयारे कशी खेळावीत याचे तक्ते दिले. पुढच्याच वर्षी 'टनेल्स अँड ट्रोल्स' या दुसऱ्या खेळासाठी 'बफेलो कॅसल' हे एकट्यासाठीचे छापील साहस निघाले. 'अमुक क्रमांकाच्या परिच्छेदावर जा' या पद्धतीची पुस्तके पुढे 1982 पासून ब्रिटनमध्ये अमाप खपली. लेखकाने सोलो, म्हणजे एकट्याचा, खेळ म्हणजे हीच पुस्तके असे धरले आहे, आणि घोटाळा तिथेच झाला आहे. त्या पुस्तकात वाट आधीच छापलेली असते. दोनदा वाचले की कुठल्या दारामागे काय आहे ते पाठ होते. आज सोलो म्हणतात त्या खेळात काहीच छापलेले नसते. गेम मास्टरच्या जागी एक 'ओरॅकल' असतो. आपण हो-नाहीचा प्रश्न विचारायचा, फाशाने उत्तर द्यायचे.

आपल्याकडे या गोष्टीला सरळ शब्द आहे: कौल. कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावतात, म्हणजे मूर्तीला पाकळ्या चिकटवून प्रश्न विचारतात, तेव्हा गुरव आधी गाऱ्हाणे घालतो, प्रश्न मोठ्याने सांगतो, उजवी पाकळी पडली तर काय आणि डावी पडली तर काय हे आधी ठरते. मग सगळे गप्प बसून वाट बघतात. पाकळी पडल्यावर अर्थ ठरवायला बसले तर त्याला कोणी कौल म्हणणार नाही. सोलो खेळाचा प्रामाणिकपणा एवढ्याच क्रमावर उभा आहे. प्रश्न लिहा, होकाराची शक्यता लिहा, मग फासा टाका. लिहायचे म्हणजे खरोखर वहीत लिहायचे. मनात ठरवलेली शक्यता फासा थांबेपर्यंत सोयीने सरकते.

शक्यतेच्या पायऱ्या पाचच ठेवाव्यात. शॉन टॉम्किनच्या 'आयर्नस्वॉर्न' (2018, मूळ नियमपुस्तक इंटरनेटवर फुकट मिळते) या खेळात त्या अशा आहेत: एक ते शंभरांतला आकडा काढायचा; जवळपास नक्की असेल तर 11 किंवा वर आले की हो, शक्य वाटत असेल तर 26 पासून वर, निम्मे-निम्मे असेल तर 51 पासून, कठीण असेल तर 76 पासून, आणि अगदीच आशा नसेल तर 91 पासून वर. म्हणजे होकाराची शक्यता शेकडा 90, 75, 50, 25 आणि 10. याहून बारीक पायऱ्या केल्या की माणूस खेळायचे सोडून 60 की 65 यावर स्वतःशीच वाद घालत बसतो.

एक प्रसंग जवळून पाहू. पात्र पेशवाईतला जासूद, जुन्नरहून कल्याणला खलिता घेऊन निघालेला, रात्रीचा नाणेघाट उतरतो आहे. प्रश्न: घाटमाथ्यावर जकातीच्या रांजणापाशी पहारा आहे का? असणे शक्य आहे, म्हणून वहीत '26+ हो' असे लिहिले. आकडा आला 14. पहारा नाही. नवखा खेळाडू इथे सुटकेचा निःश्वास टाकून पुढे जातो आणि प्रसंग वाया घालवतो. पहारा असायला हवा होता आणि नाही, हीच तर खबर आहे. वहीत एक ओळ: शेकोटीत निखारे आहेत, माणूस नाही. का नाही, हे लगेच विचारू नये. ते पुढच्या प्रसंगाला पुरते.

आता अंधारात घाट उतरणे. आयर्नस्वॉर्नमध्ये एक सहा बाजूंचा फासा टाकून त्यात पात्राचा गुण मिळवायचा, आणि सोबत दहा बाजूंचे दोन फासे टाकायचे. आपली बेरीज त्या दोन्हींपेक्षा मोठी आली तर पूर्ण यश, एकापेक्षाच मोठी आली तर अर्धे, एकाहूनही नाही तर अपयश. बरोबरी झाली तर समोरचा फासा जिंकतो. बरेच लोक हे विसरतात. जासुदाची चपळाई 2, फासा 3, बेरीज 5. समोर 4 आणि 8. चारावर मात, आठापुढे हार, म्हणजे अर्धे यश. तो खाली पोचला, पण काहीतरी मोजावे लागले: भाकरीचे गाठोडे दरीत गेले, शिधा 5 वरून 4.

हे अर्धे यश या खेळाचा कणा आहे. गुण 2 असेल तर पूर्ण यश साधारण शेकडा 23 वेळा, अर्धे 44 वेळा आणि अपयश 33 वेळा येते. गुण 3 असेल तर पूर्ण यश आणि अपयश यांचे आकडे बरोबर उलटतात: 33 आणि 23. दोन्ही दशफाशांवर एकच आकडा येण्याची शक्यता दहात एक, आणि तो आला की गोष्टीला अनपेक्षित वळण द्यायचे असते. जमत नाही म्हणून ही वळणे गाळणाऱ्यांचा खेळ दुसऱ्या-तिसऱ्या रात्री सपक होतो.

लेखात सात फाशांचा आयात संच 'आवश्यक' म्हटला आहे. आवश्यक नाही. ल्युडोचे दोन फासे घरात असतात. त्यांतून एक ते दहा काढायचे तर पहिल्या फाशावर सम-विषम बघा, दुसऱ्यावर एक ते पाच घ्या, सहा आले तर तोच पुन्हा टाका. पहिला सम असेल तर पाच मिळवा. कंटाळवाणे वाटत असेल तर पत्ते काढा. मात्र इथे एक चूक हमखास होते. एक्का ते दश्शी अशी चाळीस पाने एकत्र पिसून त्यांतून दोन ओढली तर दोन्हींवर एकच आकडा येण्याची शक्यता दहात एक राहत नाही, तेरात एकावर येते, कारण पहिले पान गड्डीतून गेलेले असते. त्यासाठी इस्पिकची दहा पाने एका गठ्ठ्यात आणि बदामची दहा दुसऱ्या गठ्ठ्यात ठेवावीत, प्रत्येकातून एकेक ओढावे, परत घालावे, पिसावे. शंभराचा आकडाही याच दोन गठ्ठ्यांतून निघतो: इस्पिक दशकाचे, बदाम एककाचे, दश्शी म्हणजे शून्य, दोन्ही दश्श्या आल्या तर शंभर. चिठ्ठ्या वापरल्या तरी नियम तोच. काढलेली चिठ्ठी वाटीत परत गेलीच पाहिजे.

पूर्वतयारीबद्दल लेखकाचा सल्ला गेम मास्टरसाठी ठीक आहे, एकट्याला मारक आहे. वीस पानांचा नकाशा, राजघराण्याची वंशावळ आणि तीन धर्म लिहून झाल्यावर फासा टाकायची हौसच उरत नाही. सगळे आधी ठरलेले असते, ओरॅकलला विचारायला काही शिल्लक नसते. पहिल्या बैठकीला पंधरा मिनिटे पुरे. एक पात्र, पाच गुणांना 3, 2, 2, 1, 1. एक ठिकाण. तीन माणसांची नावे, त्यांतला एक पात्राच्या उपकाराखाली असावा. आणि एक शपथ, म्हणजे पात्राने तडीस न्यायचे काम.

शपथेच्या बाबतीत सगळेच फसतात. आयर्नस्वॉर्नमध्ये प्रत्येक शपथेला दहा चौकटी असतात आणि पाच दर्जे. सर्वांत हलक्या दर्जाला एका टप्प्यामागे तीन चौकटी भरतात, त्यापुढच्याला दोन, मधल्याला एक. चौथ्याला चौकटीच्या दोनच रेघा आणि सर्वांत भारी दर्जाला एक रेघ. एका चौकटीत चार रेघा, म्हणजे भारी शपथ पूर्ण भरायला चाळीस टप्पे. नवा खेळाडू उत्साहाने हीच घेतो, आणि दिवाळीत सुरू केलेली वही संक्रांतीला रद्दीत जाते. हलकी शपथ घ्या. तीन टप्प्यांत नऊ चौकटी भरतात. शेवटी सहाचा फासा न टाकता भरलेल्या चौकटींचा आकडा दोन दशफाशांसमोर धरायचा: नऊ असतील तर पूर्ण यश शेकडा 64, अपयश फक्त 4. दोन टप्प्यांनंतर सहाच चौकटींवर घाई केली तर पूर्ण यश 25 आणि अपयशही 25. थांबावे की आताच फासा टाकावा, ही घालमेल गेम मास्टर नसतानाही तितकीच खरी असते.

हो-नाहीने भागत नाही तिथे शब्दांचे तक्ते लागतात. दोन ल्युडो फासे, एक दशकाचा, एक एककाचा, म्हणजे 11 ते 66 अशा छत्तीस जागा. एक तक्ता क्रियांचा, एक गोष्टींचा. इंग्रजी तक्त्यांचे भाषांतर करून वापरू नका असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. 'विश्वासघात' आणि 'अंधार' यांतून काय निघते? सगळ्या गोष्टी एकसारख्या काळ्याकुट्ट. त्याऐवजी उधारी, मानपान, निरोप, गहाण, पाहुणे, विहीर, वाटणी असे शब्द घाला. 'भाऊबंदकी' या एका शब्दात अख्खे कथानक बसलेले आहे, आणि तो कुठल्याही इंग्रजी तक्त्यात सापडणार नाही. छत्तिसातले निदान बारा शब्द अगदी घरगुती असावेत. 'लपवणे' आणि 'पाहुणे' एकत्र आले की डोके आपोआप चालू लागते. अर्ध्या मिनिटात अर्थ लागला नाही तर ती जोडी सोडून जे सर्वांत साहजिक वाटते ते घडले असे धरावे. पुन्हा फासा टाकू नये. एकदा पुन्हा टाकला की सवय लागते.

आणखी एक प्रसिद्ध साधन म्हणजे टाना पिजनचे 'मिथिक'. कुठल्याही खेळाला ते जोडता येते. त्यात गोंधळाचा एक आकडा असतो, 1 ते 9, सुरुवात 5 पासून. प्रत्येक प्रसंगाच्या आधी दशफासा टाकायचा. आलेला आकडा गोंधळाहून मोठा असेल तर प्रसंग ठरवल्याप्रमाणे होतो. तेवढाच किंवा लहान असेल तर विषमला थोडा बदलतो, समला भलतेच काहीतरी मध्ये येते. प्रसंग हाताबाहेर गेला तर शेवटी आकडा एकाने वाढवायचा, ताब्यात राहिला तर एकाने कमी करायचा. हे शेवटचे काम बहुतेक जण विसरतात, आकडा पाचवरच अडकून राहतो आणि मग 'मिथिक सपक आहे' अशी तक्रार येते. आकडा वहीच्या पानावर वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने मोठा लिहावा.

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च एकट्याने खेळायचे असेल तर लढाई सांभाळा. त्यातली छापील साहसे चार-पाच पात्रांच्या अंदाजाने लिहिलेली असतात. चार गॉब्लिन (छोटे राक्षस) एका फेरीत चार वार करतात, तुमचे एकटे पात्र पहिल्या पातळीवर एक. ताकद सारखी असली तरी वारांच्या संख्येनेच ते मरते. शत्रू एक-दोनावर आणा, किंवा पात्रासोबत एक जोडीदार घ्या. चार पात्रे एकट्याने चालवायला जाऊ नका. खेळाडूचा हिशेबनीस होतो.

वहीविषयी थोडे. प्रत्येक प्रसंगाला तीन-चार ओळी, त्यात 'प्र.' म्हणजे प्रश्न, मग शक्यता, मग आकडा, मग घडले काय. कादंबरी लिहू नका. सुंदर मराठीत प्रसंग रंगवणारे सगळे तिसऱ्या बैठकीला दमतात, कारण वीस मिनिटांच्या खेळामागे दोन तासांचे लेखन होते. एका प्रसंगात दोन-तीनच प्रश्न विचारावेत, आणि दोन्ही उत्तरांत गंमत असेल तरच. दार उघडे आहे का, हा प्रश्न बंद दारामागे दुसरी वाट नसेल तर विचारूच नये; उघडे आहे म्हणावे आणि आत जावे. आणि उठताना पुढच्या प्रसंगाचा पहिला प्रश्न शक्यतेसकट लिहून ठेवावा, फासा मात्र टाकू नये.

पुरवणीत पुन्हा जागा होईल तेव्हा छत्तीस मराठी शब्दांचा एक तक्ता छापावा, ही विनंती. सहा बाय सहाच्या चौकटीत, आणि शेवटच्या दोन ओळी कोऱ्या ठेवून, म्हणजे ज्याचे शब्द त्याला भरता येतील.

कळावे,
एक वाचक, चिपळूण